स्कूटीची उतरलेली बॅटरी : वावरात काय जाईल, कारखान्यात काय जाईल

विजेवरच्या स्कूटीची बॅटरी घेऊन माणूस दुकानात आला की प्रश्न ठरलेला असतो, "मिस्त्री, बॅटरी तं गेली. भंगारात किती भेटन?" माझं उत्तरही ठरलेलं. भंगारात द्यायची नाही, आणि गेली की नाही ते मीटर सांगेल. आमच्या हिंगणघाट तालुक्यात आधी ई-रिक्षा आल्या, मग मास्तर लोकांच्या आणि पोरींच्या स्कूट्या आल्या, आणि आता त्यांच्या बॅटऱ्या उतरायला लागल्या. माझं मूळ काम मोटर वाइंडिंगचं. सबमर्सिबल बांधता बांधता सोलरचं काम हाती आलं, आणि सोलरच्या मागोमाग हे.

खालचं सगळं मी दुकानात ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने लिहिलंय. ज्याला मल्टिमीटर धरता येतो आणि डीसीचा प्लस-मायनस उलटा लागला तर काय होतं हे ठाऊक आहे, त्याने सगळं वाचावं. इतरांनी ओळख आणि परत पाठवणं एवढंच वाचावं आणि पॅक उघडण्याच्या भानगडीत पडू नये. "यूट्यूबवर पाहिलं" ही पात्रता मी धरत नाही.

ई-रिक्षाचं आधी उरकतो

ई-रिक्षात बहुतेक ॲसिडवाल्या चार बॅटऱ्या असतात, प्रत्येकी १२ व्होल्ट, उचलायला एकेक पंचवीस-तीस किलो. वर्ष-दीड वर्षात उतरतात. त्यात उघडून दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. नवीन घेताना जुनी दुकानदाराला द्यायची, वजनाचे पैसे बिलातून कापून घ्यायचे आणि बिलावर तसं लिहून घ्यायचं. शिशाला भाव आहे, त्यामुळे ही बॅटरी कोणाच्या घरी पडून राहत नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. फेरीवाला म्हणतो, "भाऊ, पाणी काढून द्या, कोरडं वजन घेतो." ते पाणी म्हणजे गंधकाम्ल, आणि त्यात शिशाचा गाळ. नालीत नाहीतर धुऱ्यावर ओतलं की आम्लाचा परिणाम दिसतो तरी, गवत जळतं. शिसं दिसत नाही. ते मातीच्या वरच्या थरात बसून राहतं आणि अंगणात खेळणाऱ्या पोराच्या बोटावरून तोंडात जातं. लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी नाही. म्हणून बॅटरी जशी आहे तशी द्या, उभी, बुचं घट्ट लावून. सांडलंच तर त्यावर खायचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत टाकत राहा, मग पाणी मारा. कोरडं वजन मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

लिथियममध्ये दोन प्रकार, आणि दोघांचे रस्ते वेगळे

स्कूटीत लिथियमचा बंद डबा असतो, वर धरायला मूठ, बाहेर दोन जाड वायरी. आत काय आहे हे बाहेरूनच कळायला हवं. डब्यावरचं लेबल वाचता आलं तर उत्तम. घासून गेलं असेल तर चार्जर पाहा. चार्जरवर आउटपुटचा आकडा असतो. ६७.२ व्होल्ट लिहिलं असेल तर एका भरलेल्या सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे ४.२ ने भागा, एकामागे एक जोडलेले सेल बरोबर १६ येतात. ७१.४ असेल तर १७. हे सेल एनएमसीचे, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले. आकडा ७३ असेल तर ३.६५ ने भागा, बरोबर २० येतात. हे एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाले. ज्या आकड्याने भाग पूर्ण जातो तो प्रकार.

एनएमसीचा पॅक मी उघडत नाही. हा सेल तापून भडकायला लागला की त्याच्यातलाच ऑक्सिजन बाहेर पडतो, म्हणजे आग विझवायला झाकून ठेवण्याचा उपयोगच राहत नाही. शिवाय त्यात निकेल आणि कोबाल्ट आहे, त्याला कारखान्यात किंमत आहे, त्यामुळे परत घेणाराही मिळतो. असा पॅक सरळ परत पाठवायचा, ते शेवटच्या भागात लिहिलंय.

एलएफपीचं उलटं आहे. हा सेल स्वभावाने शांत, भडकायला जास्त तापमान लागतं, आणि हजार-दोन हजार वेळा चार्ज होऊनही त्यात जीव उरतो. पण वितळवून-गाळून काढायला त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. लोखंड आणि फॉस्फेटला कोण पैसे देणार? म्हणून भंगारवाल्याला तो नको असतो आणि मग तो गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतो. याच सेलला गाडीनंतर वावरात, कुंपणाच्या झटका मशीनवर, आणखी काही वर्षं काम देता येतं. त्यानंतर तोही कारखान्यात जायलाच हवा. ते चुकत नाही, फक्त लांबतं.

झाकणाला हात लावण्याआधी

वॉरंटीचं कार्ड पाहा. वॉरंटी चालू असेल तर सील तोडलं की हक्क गेला. पुष्कळ लोकांना गाडीची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी असते हेच ठाऊक नसतं.

मग चार्जर तपासा, गाडीतला एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाहा, कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्यात का पाहा. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात.

बाहेरच्या वायरींवर शून्य व्होल्ट दाखवत असेल तर घाबरू नका. आत बीएमएस नावाची पाटी असते, ती सेलची राखण करते. एखादा सेल खाली गेला की ती बाहेरचा रस्ता बंद करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कूटी दोन महिने उभी ठेवली की असं हमखास होतं, कारण बीएमएस स्वतःही थोडी थोडी वीज खात असते. कंपनीचाच चार्जर लावून समोर बसून पाहा. कधी कधी पॅक जागा होतो.

काही पॅक मात्र कोणत्याही कारणाने उघडायचे नाहीत. फुगलेला, आदळून चेपलेला, धूर निघून गेलेला, आणि पुराच्या पाण्यात बुडालेला. वणा नदीला पूर आला की काठावरच्या घरांतून असे पॅक येतात. वरून वाळलेला दिसतो, आत पाणी आणि गंज काम करत असतो, आणि कित्येक दिवसांनीही तो पेटू शकतो. असा पॅक घरात, दुकानात ठेवूच नका. घरापासून, गोठ्यापासून, वाहनांपासून पन्नास फूट लांब, उघड्यावर, सावलीत ठेवा आणि विक्रेत्याला फोन करा.

आणखी एक. २०२२ मध्ये देशात स्कूट्या पेटल्या, त्यानंतर अशा गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं गेलं. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. त्यानंतरच्या बऱ्याच पॅकमध्ये सेलभोवती रसायन ओतून घट्ट केलेलं असतं. खरवडून सेल काढायला गेलात तर सेलच फुटेल. झाकण उघडल्यावर तसं दिसलं तर झाकण परत लावा.

उघडणं

पॅक भरलेला उघडायचा नाही. गाडी चालते तोवर चालवून उतरवून आणा. पूर्ण भरलेला २० सिरीजचा, म्हणजे एकामागे एक २० जोडलेला, पॅक ७३ व्होल्टचा असतो. डीसीचा एवढा झटका हलका नाही, आणि पाना आडवा पडला तर तो जागेवर चिकटतो, लाल होतो आणि हाताचं मांस घेऊन जातो.

हातातली अंगठी, कडं, गळ्यातली चेन, कमरेचा करदोटा, सगळं काढा. लाकडी टेबल, त्यावर रबर. पेचकसाच्या दांड्याला टोकापर्यंत टेप. डोळ्याला चष्मा. दुकानात अशा वेळी मी पोरांना जवळ उभं राहू देत नाही, एक माणूस तेवढा दारात असतो. बाहेर पाण्याचा ड्रम भरलेला आणि रेतीचं घमेलं. जागा मोकळी हवी; मे महिन्यात टिनाखाली दुपारी हे काम करू नका, सकाळी करा.

झाकण निघालं की काही काढण्याआधी वास घ्या. गोडसर, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास आला तर एखादा सेल गळतोय. पॅक बाहेर नेऊन ठेवा, काम संपलं.

वास नसेल तर मोजणी. समजा पॅक ३० अँपिअर-तास वीज साठवणारा आहे. त्यात ३२७०० नावाचे जाड गोल सेल असतात, ३२ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर उंची, एकेक ६ अँपिअर-तासांचा. पाच सेल पॅरललमध्ये मिळून एक गट, असे वीस गट सिरीजमध्ये. एकूण शंभर सेल. शंभरातले पाच-सात बसले तरी गाडी उभी राहते, कारण सिरीजमध्ये सगळ्यात कमजोर गट ठरवतो की गाडी कुठवर जाणार.

प्रत्येक गटाचं व्होल्टेज वहीत लिहा. मोजताना बॅलन्स वायरींच्या, म्हणजे बीएमएसकडून प्रत्येक गटाला गेलेल्या बारीक वायरींच्या, पिनांवर मीटरची सुई टेकवू नका. पिना इतक्या जवळ असतात की सुई घसरली की दोन पिना शॉर्ट होतात आणि वायर जळते. सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीवर टेकवा. बहुतेक वेळा चित्र असं दिसतं: सतरा-अठरा गट ३.२० ते ३.२८ मध्ये, एक २.९, आणि एक १.६. हा १.६ वाला गाडी बंद पाडणारा. २ व्होल्टच्या खाली गेलेला गट परत चार्ज करायचा नाही, कितीही मोह झाला तरी. इतक्या खाली गेला की आतल्या तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी साचून सेल आतून शॉर्ट होतो. आज चांगला दिसेल, महिन्याने तापेल.

आता सोडवणं. आधी बीएमएसची बॅलन्स वायरींची खोबण काढा, मग जाड मायनस, मग जाड प्लस. प्रत्येक टोक सुटलं की त्याच क्षणी टेप. गट वेगळे करताना सेलवरून पट्टी उपटू नका. ती स्पॉट वेल्डिंगने बसलेली असते, उपटली की सेलच्या तळाला भोक पडतं. दोन गटांना जोडणारी पट्टी मधोमध कापा, दोन्ही बाजूंना शेपटं राहू द्या. पुढे जोडणी त्या शेपटांवर करायची. सेलच्या तोंडावर सोल्डरिंग गन टेकवली की उष्णतेने आतली सील जाते. आणि वहीत पाहून ठरवा: सलग चार गट चांगले असतील तर त्यांच्यामधली पट्टी कापूच नका. चार गट म्हणजे १२.८ व्होल्ट, झटका मशीनला तेच हवंय.

बल्बची परीक्षा

व्होल्टेज पाहून एलएफपीचा जीव कळत नाही. ९० टक्के भरलेला आणि ४० टक्के भरलेला सेल मीटरवर जवळजवळ सारखाच दिसतो. किती वीज साठवतो ते उतरवूनच पाहावं लागतं. महागडं यंत्र नसेल तर मोटारीचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब घ्या. १२ व्होल्टवर तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो.

आधी एकेक गट ३.६५ व्होल्टपर्यंत भरा. डीसी सप्लायवर व्होल्टेज आधी बांधा, मग गट जोडा, उलटं करू नका. करंट पाच अँपिअरच्या आत ठेवा. करंट आपोआप उतरत दीड अँपिअरवर आला की बंद. भरताना दर थोड्या वेळाने सेलला हाताची पाठ लावून पाहा. एक सेल शेजाऱ्यांपेक्षा गरम लागला तर तो गट बाद.

मग चार गट सिरीजमध्ये ठेवून बल्ब लावा, वेळ लिहा, आणि चारही गटांचं व्होल्टेज सुरुवातीला अर्ध्या तासाने, पुढे दर दहा मिनिटांनी मोजा. चौघांतून सारखाच करंट जातोय, त्यामुळे जो गट आधी खाली घसरेल तो कमजोर. पहिला गट २.५ व्होल्टला आला की बल्ब काढा, इतर तीन किती वर आहेत याकडे पाहू नका. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज भराभर पडतं, तेव्हा चहाला जाऊ नका.

हिशोब सोपा आहे. नवा ३० चा गट असता तर बल्ब साडेसहा तासांच्या वर चालला असता. पाच तास-सव्वापाच तास चालला तर जवळजवळ ८० टक्के शिल्लक. चार तास म्हणजे ६० टक्के. चार तासांच्या खाली जो आला त्याला मी वावरात पाठवत नाही. चारांतला एकच लवकर पडला तर त्याच्या जागी दुसरा लावून परत पाहा. एका बॅटरीतले चारही गट एकमेकांच्या जवळपासचे हवेत, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक नको.

पास झालेले गट परत पूर्ण भरून, टेप लावून, एकमेकांपासून वेगळे तीन आठवडे ठेवा. घाई करणाऱ्याला हीच पायरी नको असते आणि हीच सगळ्यात कामाची. तीन आठवड्यांनी बाकीचे ३.३३ वर थांबलेत आणि एक ३.२५ वर आला, तर तो आतल्या आत गळतोय. बल्बच्या परीक्षेत पहिला आलेला असला तरी बाद.

झटका मशीनसाठी बॅटरी

या सेलचा आमच्याकडे सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे कुंपणाचं झटका मशीन. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी माणूस हरभऱ्याला, तुरीला जागलीवर जातो. मशीन दर सेकंदाला साधारण एक बारीक ठोका तारेत सोडतं, जनावर बिचकतं, मरत नाही. त्याला १२ व्होल्ट लागतात आणि वीज अगदी थोडी. काही लोक मशीनऐवजी मेन लाइनच तारेत सोडतात. तो गुन्हा आहे, त्यात माणसं मेलीत, वाघ मेलेत. तशा माणसाचं काम मी करत नाही.

आधी मशीन किती खातं ते मल्टिमीटरने मोजा. समजा सरासरी ०.३ अँपिअर. बारा तासांच्या रात्रीला ३.६ अँपिअर-तास. तुमचे जुने चार गट २० अँपिअर-तासांचे निघाले आणि त्यातले १६ वापरायचे धरले, तर झडीच्या दिवसांत ऊन नसलं तरी चार रात्री निघतात. चार्जिंगला ४० वॅटचं पॅनल भरपूर झालं.

गाडीतला जुना बीएमएस इथे चालत नाही, तो वीस सिरीजचा आहे. चार सिरीजचा, एलएफपीचाच, नवा घ्या. त्याच्या बारीक पाच वायरी क्रमाने जोडा: सगळ्यात खालच्या गटाचं मायनस, मग पहिल्याचं प्लस, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. खोबण बीएमएसमध्ये घालण्याआधी, मोकळ्या खोबणीत मायनस धरून मोजा. ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढते आकडे आले पाहिजेत. इथे मात्र पिनांवरच मोजावं लागतं, म्हणून सुईला टोक सोडून टेप गुंडाळा. एक जरी आकडा उलटा-पालटा आला तर खोबण घालू नका, घातली की बीएमएस तिथेच जळतो. प्लसच्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज "नंतर लावतो" म्हणणाऱ्याला मी बॅटरी देत नाही.

सोलर कंट्रोलर एलएफपीची सेटिंग असलेला हवा. ॲसिडवाल्या बॅटरीचा जुना कंट्रोलर अधूनमधून व्होल्टेज मुद्दाम वर चढवतो, ते या सेलला चालत नाही. चार सेलची कमाल १४.६ असली तरी जुन्या सेलला मी १४.२ वर थांबवतो आणि खालून १२ ला तोडतो. थोडी वीज सोडावी लागते, पण सेल टिकतात.

आणि ऊन. सेल बनवणारे सांगतात की ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५-४६ असते, तिथे उन्हात ठेवलेल्या लोखंडी पेटीच्या आत काय होत असेल? पॅनल उन्हात, पेटी सावलीत. निंबाच्या झाडाखाली, जमिनीपासून दोन हात वर, पांढरा रंग दिलेली, दोन्ही बाजूंना जाळीची भोकं, खालून मुंगी चढू नये म्हणून पायांना जुनं ऑइल. उन्हाळ्यात वावर रिकामं असतं, मशीनचं काम नसतं. तेव्हा बॅटरी अर्धी भरून सोडवून ठेवा. घरात ठेवायची तर थंड कोपऱ्यात, पण झोपायच्या खोलीत नाही, आणि जिथे कापूस साठवलाय तिथे तर नाहीच.

हे सेल परत कोणत्याही गाडीत घालायचे नाहीत. गाडी एका झटक्यात खूप करंट मागते, आणि माणूस बॅटरीवर बसलेला असतो. "मिस्त्री, ई-रिक्षाले बनवून द्या ना" असं म्हणणारे येतात, त्यांना नाही म्हणायचं. दुसरी गोष्ट कायद्याची. आपली बॅटरी आपल्या वावरात लावणं वेगळं, आणि जुन्या बॅटऱ्या विकत घेऊन दुरुस्त करून विकणं वेगळं. त्या धंद्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते.

बाद झालेलं परत पाठवणं

बाद गट, एनएमसीचे न उघडलेले पॅक, जुने बीएमएस, सगळं आता परत जायचं. तोवर ठेवायचं कसं, तर प्रत्येक गटाच्या दोन्ही तोंडांना टेप, प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची पिशवी, आणि कोरड्या रेतीने भरलेला प्लास्टिकचा ड्रम. झाकण घट्ट दाबू नका, वायू झाला तर निघायला वाट हवी. ड्रम दुकानाच्या बाहेर, सावलीत, कुटाराच्या ढिगापासून आणि कापसाच्या घरापासून दूर. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी "मारायचा" एक उपाय फिरतोय, तो करू नका. टोकं गंजतात, आतली वीज आतच राहते, पेटणारा वायू निघतो, आणि शेवटी ते घाण पाणी कुठे टाकणार?

आग लागलीच तर पाणी. भरपूर पाणी, सतत, लांबून, वारा आपल्या पाठीकडून येईल असं उभं राहून. इथे पाणी ज्वाळेपेक्षा सेल थंड करायला हवं असतं; पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो पण सेल तापलेलेच राहतात आणि तासाभराने परत पेट घेतात. धूर विषारी असतो, पाहायला गर्दी करू देऊ नका.

आता देणार कोणाला? २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम काढले. आधीचे २००१ चे नियम ॲसिडवाल्या बॅटऱ्यांपुरते होते, नव्यांत गाडीच्या लिथियम बॅटऱ्याही आल्या. उतरलेली बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी आपल्यावर. पुरणं आणि जाळणं दोन्ही बंद. विजेवरच्या गाडीच्या बॅटरीतून किती माल परत काढायचा याचंही प्रमाण बांधून दिलंय: २०२४-२५ ला ७० टक्के, २०२५-२६ ला ८०, आणि २०२६-२७ पासून ९०.

म्हणून पहिला फोन विक्रेत्याला. "आमच्याकडे तशी सोय नाही" असं तो पहिल्या फोनवर म्हणेलच. मग लेबलचा फोटो, पॅकचा नंबर आणि गाडीचा नंबर घालून व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, आणि तेच कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर. लिहिलेल्याला उत्तर येतं. नवीन पॅक घ्यायचाच असेल तर जुना परत घेण्याची बोलणी पैसे देण्याआधी करा, नंतर कोणी ऐकत नाही.

विक्रेता गाडीसकट तालुक्यातून गेला असेल, असंही झालंय, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरीच्या पोर्टलवर नोंदणी असलेले पुनर्वापर कारखाने पाहा. एका पॅकसाठी त्यांची गाडी इथे आमच्या वडनेरला येणार नाही हे उघड आहे. मी आसपासच्या सोलरवाल्यांशी आणि दोन गॅरेजवाल्यांशी बोलून ठेवलंय. माल थोडा जमला की एकदम देतो. पण वर्षभर जमवत बसायचं नाही. एसटीच्या डिक्कीत, ट्रॅव्हल्सच्या टपावर, कुरिअरने, असं काही पाठवू नका. लिथियमची बॅटरी धोकादायक मालात मोडते आणि तुमच्या ड्रमशेजारी बसलेल्या प्रवाशाला ते ठाऊक नसतं.

कारखान्यात पॅक आधी पूर्ण उतरवतात, सोडवतात, मग सेल बंद यंत्रात भरडतात. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं निघतं आणि खाली राहते ती काळी पूड. ती आम्लात विरघळवून त्यातून लिथियम, आणि असेल तर निकेल, कोबाल्ट, मँगनीज वेगळं करतात. एलएफपीच्या पुडीत शेवटचे तिन्ही नसतात, म्हणून त्याला पैसे मिळण्याची वाट पाहू नका. कोणी फुकट घेत असेल तर द्या.

फोनवर एवढं विचारा: नोंदणी क्रमांक काय, हा प्रकार घेता का, कमीत कमी किती वजन लागतं, गाडी कोणाची, आणि पावती कोणत्या नावाने मिळेल. पावतीवर तारीख, प्रकार, वजन आणि त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. नुसती "जुनी बॅटरी १ नग" अशी पावती परत करा. मी वहीत पॅकचा नंबर लिहून समोर तीन रकाने ठेवतो: किती गट वावरात आणि कोणाच्या, किती ड्रममध्ये, किती गेले आणि पावती क्रमांक. झटका मशीनच्या पेटीवरही आतून तोच पॅक नंबर आणि माझा मोबाइल नंबर रंगाने लिहिलेला असतो, म्हणजे चार वर्षांनी ती बॅटरी उतरली की शेतकऱ्याच्या पोराला ती कुठे आणून द्यायची ते विचारावं लागत नाही.